पट्ट्याचे तिसरे छिद्र

यंत्राच्या खुर्चीत बसल्यावर छातीचा पट्टा तुम्हाला आवळ वाटेल. तो सैल करू नका. सैल केलात तर यंत्र जागीच थांबेल आणि लाल दिवा लागेल. पूर्वी तसे होत नव्हते. आता का होते, हे सांगण्यासाठी मी लिहीत आहे. पुनर्वसन केंद्रातील फिजिओथेरपिस्ट शेख मॅडम म्हणाल्या, "काका, नव्या पेशंटना धीर येईल असं काहीतरी लिहा." धीर येईल की नाही, मला ठाऊक नाही. घडले ते लिहितो.

माझे वय बहात्तर. काष्टीजवळच्या एका साखर कारखान्यात मी एकतीस हंगाम इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. बॉयलरचा दाब, रसाचे तापमान, वाफेचा प्रवाह दाखवणारी जी गेजे असतात, ती खरे सांगतात की नाही हे पाहणे माझे काम. पत्नीला जाऊन नऊ वर्षे झाली. मुलगा प्रशांत पुण्यात नोकरीला आहे. मी काष्टीत एकटा राहत होतो. ते मला मानवले होते.

*नाडी*

जूनच्या अखेरीस एका सकाळी, अंघोळीनंतर पायजम्याची नाडी बांधत असताना उजव्या हाताने आपले टोक धरले नाही. पुन्हा दिले. पुन्हा सुटले. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून दहा मिनिटे झाली होती.

हात झोपेत अंगाखाली आला असावा, असे मी ठरवले. कारखान्यात मोटर तापली की ती थोडा वेळ बंद ठेवतात. बहुधा नंतर ती नीट चालते. मी हाताला विश्रांती दिली. खाटेवर बसलो. पाणी प्यायलो, तर ते ओठाच्या कोपऱ्यातून छातीवर आले. आता हे हाताचे दुखणे नाही, एवढे मला कळले. त्याच वेळी दूधवाला अंगणातून गेला. त्याला हाक मारता आली असती. मारली नाही. नाडी सुटलेली होती. आधी नाडी बांधू, मग हाक मारू, असा माझा विचार होता. एका हाताने गाठ बसत नाही. मी प्रयत्न करत राहिलो.

साडेदहाला शेजारीण ताक घेऊन आली. मी आधी उपरणे मांडीवर ओढले आणि मग बोलायला गेलो. शब्द निघाला नाही.

नगरच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत थोडे बोलता येऊ लागले होते. डॉक्टरांनी विचारले, "किती वाजता सुरू झालं?" मी वेळ अचूक सांगितली. त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. मेंदूत गुठळी अडकली होती. ती विरघळवण्याच्या औषधाला ठरावीक मुदत असते. ती टळून गेली होती. "आधी आणलं असतं तर," एवढे म्हणून ते थांबले. उरलेले वाक्य त्यांनी माझ्यावर सोडले.

फोन का केला नाही, हे सर्वांनी विचारले. कळले नाही, असे मी सांगितले. नाडीचे कोणाला सांगितले नाही.

तुमच्या घरात कोणाला असे झाले तर काहीही बांधत, आवरत बसू नका. आहात तसे हाक मारा.

*चार ते सहा*

बारा दिवसांनी मला रुग्णालयातून पुनर्वसन केंद्रात हलवले. आठ खाटांचा वॉर्ड. सकाळी सहाला चहा, आठला व्यायाम, दहाला यंत्र, साडेबाराला जेवण. दुपारी काही नसे. चार ते सहा भेटीची वेळ.

ती वेळ सर्वांत कठीण. डबे उघडत. मेथीचा वास येई. कोणाची सून पाय चेपी, कोणाचा भाऊ गावाकडच्या भांडणाची हकिकत सांगे. प्रशांत रविवारी येई. इतर सहा दिवस चार वाजले की मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटत असे. झोप नसे. "तुमचं कोण येतं?" असे दुसऱ्यांच्या माणसांनी विचारू नये, एवढाच हेतू. त्या भिंतीवर रंगाचे तीन थर होते. खालचा पोपटी.

प्रशांतने इलॅस्टिकचे चार पायजमे आणले. मी ते घातले.

एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तिसऱ्या दिवशी चहाच्या कपाचा कान डावीकडे वळवलेला होता. चौथ्या दिवशीही. चहा आणणाऱ्या मावशी त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. मी तेथे होतो तोवर त्यांनी एकदाही चूक केली नाही.

*यंत्र*

यंत्र परदेशी नाही. जिल्ह्यातीलच एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक तांबे यांनी ते बांधले आणि परवानग्या घेऊन केंद्रात चाचणीसाठी ठेवले. ॲल्युमिनियमचा एक बाहू, कोपरापाशी एक मोटर, मनगटापाशी दुसरी. रुग्णाचा हात एका पन्हळीत ठेवून बांधतात. समोर पडद्यावर एक चेंडू ठरलेल्या वाटेने सरकतो. हाताने त्याच्याबरोबर जायचे. हात मागे पडला की मोटर ढकलते. किती ढकलायचे हे आत बसवलेला प्रोग्रॅम ठरवतो. चाळीस मिनिटांनी पडद्यावर आकडा येतो: शंभरपैकी किती काम हाताने केले. उरलेले यंत्राचे.

पहिल्या दिवशी माझा आकडा सहा होता.

"यंत्राला मुद्दाम आळशी ठेवलंय, काका," तांबे म्हणाले. "तुमच्या हाताला जेवढं जमत नाही, तेवढंच ते करील. हात सुधारला की आपोआप मागं सरेल."

"मनगटाजवळचा नट सैल आहे," मी म्हणालो.

त्यांनी पाहिले. सैल होता. तेव्हापासून ते आले की माझ्या खुर्चीशी पाच मिनिटे जास्त थांबत. यंत्र कसे ओळखते, कुठे भार मोजते, हे मी विचारी आणि ते सांगत. भार मोजणारा भाग पन्हळीच्या खाली होता. हे लक्षात ठेवा.

त्या पहिल्या दिवशी माझा उजवा हात टेबलावर दीड वीत पुढे गेला. तो मी नेला नव्हता. तरी मी त्याच्याकडे पाहत राहिलो. चाळीस मिनिटे कोणीतरी हात धरून ठेवतो, दमत नाही, कीव करत नाही, काही विचारत नाही. त्या दिवसांत मला याहून अधिक काही नको होते. निदान माझी तशी समजूत होती.

*साठ*

जुलैच्या शेवटच्या रविवारी प्रशांत खाटेशेजारी स्टूल ओढून बसला.

"अण्णा, स्पष्ट बोलू?"

"बोल."

"तुम्ही सव्वातीन तास एकटे बसून होता. मला कामातसुद्धा ते आठवतं. आता काष्टीला एकटं राहायचं नाही. पुण्याला चला."

"मी राहीन काष्टीत."

"कसे? गॅस कसा लावणार? मोरीत पाय घसरला तर धरणार कशानं?"

शेख मॅडम शेजारच्या रुग्णाची बोटे सोडवत होत्या. त्या मध्ये पडल्या. यंत्रावर साठच्या पुढे गेलेला हात कठडा धरू शकतो, बटण फिरवू शकतो. तेवढे झाले तर हे एकटे राहू शकतात असे पत्र मी देईन, असे त्या म्हणाल्या.

"ठीक आहे, साठ," प्रशांत म्हणाला. "सप्टेंबरअखेर. नाही झालं तर घर बंद करायचं."

"मान्य."

घर म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी, मागे कडुनिंब. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यातून आणलेले एक निकामी गेज भिंतीवर आहे. स्वयंपाकघराच्या खुंटीला पत्नीची बाजाराची पिशवी आहे. ती नऊ वर्षे तेथेच आहे. पुण्यात अशी खुंटी नाही. यापलीकडे मला कारण सांगता येत नाही.

*तिसरे छिद्र*

छातीचा पट्टा पाठ खुर्चीला टेकलेली राहावी म्हणून असतो. अशक्त हात पुढे जात नसला की माणूस नकळत धडाने पुढे झुकतो आणि खांद्याच्या जोराने पन्हळ ढकलतो. हात काही करत नाही, पण पन्हळीखालच्या मापकाला भार मिळतो. त्याला तो हाताचा वाटतो. माझा पट्टा पहिल्या, म्हणजे सर्वांत आवळ छिद्रात लावायचा असे ठरले होते.

ऑगस्टच्या सुरुवातीला बदलीवर आलेल्या परिचारकाने तो चुकून तिसऱ्यात लावला. आदल्या दिवशी माझा आकडा चौतीस होता. त्या दिवशी सत्तेचाळीस आला.

शेख मॅडमनी टाळी वाजवली. लगेच प्रशांतला फोन लावून माझ्या कानाला धरला. तो "अण्णा!" म्हणाला. एवढेच. असा आवाज मी त्याच्या दहावीच्या निकालानंतर ऐकला नव्हता. वॉर्डातील माणसे माझ्याकडे पाहत होती. त्या दिवशी चार वाजता मी भिंतीकडे तोंड केले नाही.

आकडा का वाढला, हे मला तो पडद्यावर येण्याआधीच कळले होते.

दुसऱ्या दिवशी पट्टा पुन्हा पहिल्या छिद्रात. पस्तीस. "होतं असं, काका," मॅडम म्हणाल्या. फोन झाला नाही. तिसऱ्या दिवशी मॅडम दुसऱ्या रुग्णाकडे वळल्यावर मी डाव्या हाताने पट्टा तिसऱ्या छिद्रात सरकवला. त्यानंतर रोज. खोलीत एसी असे. मी शाल पांघरून बसू लागलो. शालीखाली पट्टा दिसत नसे. मॅडम लांबून विचारत, "पाठ टेकली आहे ना?" मी होय म्हणत असे.

येथे कारखान्यातील निवृत्ती नावाच्या माणसाविषयी लिहिणे भाग आहे. तो माझ्या हाताखालचा मदतनीस. एका हंगामात त्याने जिना न चढता, खाली बसून, पूर्ण पाळीची रीडिंगे लॉगबुकात लिहिली. मी ती ओळखली, कारण खरी रीडिंगे इतकी नीटनेटकी नसतात. मी लेखी तक्रार केली. त्याला हंगामभर घरी बसवले. तो मला म्हणाला होता, "साहेब, गुडघा लई दुखत हुता. जिना चढवत न्हवता." मी म्हणालो होतो, "मग तसे लिहायचे. जिना चढवला नाही, रीडिंग नाही."

मी सात आठवडे यंत्राला खोटी रीडिंगे दिली. आठवड्याला दोन-तीनने वाढ. विश्वास बसावा म्हणून मध्येच एखादा दिवस उतरता. फार नीटनेटकी होती.

*सुमनबाई*

ऑगस्टच्या मध्यावर सुमनबाई आली. कर्जत तालुक्यातील, चाळिशीतील, ऊसतोड करणारी. तिचाही उजवा हात गेला होता. नवरा रामदास तिला यंत्राच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवून चहा आणायला जाई. पहिल्याच दिवशी तिने मला विचारले.

"बाबा, कारखान्याचं म्हंत्यात ते तुमीच व्हय?"

"होय."

"मंग आपली जुनी वळख हाय. आमी तोडायचा, तुमी पिळायचा."

"मी पिळत नसे. मी मोजत असे."

"अगं बया! म्हंजी काटा मारनारं तुमीच!"

"वजनकाट्याशी माझा संबंध नव्हता."

ती हसली. तोंडाची एकच बाजू हसली. "रागावू नगा, बाबा. गंमत केली. लई दिसांनी कुनीतरी सापडलं चेष्टंला."

बहुधा मीही हसलो असेन. खात्री नाही.

तिची मुदत माझ्यासारखीच ठरलेली होती. "एका कोयत्यात नवरा-बायकू दोगं लागत्यात," तिने सांगितले. "ह्यो तोडनार, मी मोळी बांधनार. एकल्या मान्साचा अर्धा कोयता. मुकादम त्याला मागं ठेवतोय. दसऱ्याला टोळी निघंल. तवर हात आला पायजे."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तांबे खुशीत आले.

"काका, मदत किती वेगानं कमी करत न्यायची, हे यंत्राला आता तुमच्या आकड्यांवरून शिकवलंय. सगळ्यांत जास्त सत्रं तुमचीच आहेत. नवा प्रोग्रॅम परवापासून चालू केला."

"कोणासाठी?"

"सुमनबाईंसाठी."

तेव्हाच बोलायला हवे होते. माझा आकडा छप्पन्न होता. साठला चार कमी. मी बोललो नाही.

पुढचे तीन आठवडे यंत्र तिचा हात लवकर सोडू लागले. आकडा वाढेना. ती बाकावर येऊन बसे आणि म्हणे, "बाबाचा हात हुशार. माझा ढ हाय. मशीन बी कंटाळली त्याला." एकदा माझ्यादेखत तिने डाव्या हाताने उजव्याला चापट मारली. जोरात. रामदास म्हणाला, "आगं, त्याचा काय गुन्हा?" ती म्हणाली, "मंग कुनाचा?"

महिनाअखेरच्या मंगळवारी तिचा हात खांद्यापर्यंत वर न्यायचा होता. यंत्राने मधेच मदत काढून घेतली. हात खाली आला आणि खांद्याला हिसका बसला. मी बाहेर बाकावर होतो. ती ओरडली नाही. "आई," एवढेच म्हणाली. सायंकाळी तिचा हात झोळीत होता. खांदा सुजला होता. यंत्र बंद, निदान महिनाभर.

त्याच सकाळी माझा आकडा बासष्ट आला होता. शेख मॅडमनी पत्रावर सही केली. प्रशांत शनिवारी मला काष्टीला नेणार होता.

मी मंगळवारी बोललो नाही. बुधवारीही नाही. हेही नोंदवतो.

गुरुवारी ती झोळीसह बाकावर येऊन बसली.

"बाबा, घरी चाललात म्हनं. ब्येस झालं. येक तरी सुटला हितून."

मी शाल सावरली.

"जाता जाता येक सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "तुमी काय केलं? कसा आनला हात? मला बी दावा. मी बी तसंच करीन."

*पहिले छिद्र*

मी उठून आत गेलो. शाल काढून खुंटीवर ठेवली.

"मॅडम, माझी चाचणी पुन्हा घ्या. पट्टा पहिल्या छिद्रात लावा. तो आतापर्यंत तिसऱ्यात होता."

त्यांना प्रथम कळले नाही. मग त्यांनी पट्ट्याकडे पाहिले. तिसऱ्या छिद्राच्या कडेने चामडे ताणले गेले होते. त्यांनी स्वतः पट्टा आवळला आणि चाळीस मिनिटे शेजारी उभ्या राहिल्या.

अडतीस.

"किती दिवस, काका?"

"सात आठवडे."

"मी रोज विचारत होते."

"होय. मी रोज खोटे सांगत होतो."

त्यांनी पत्र फाडले नाही. घडी घालून खणात ठेवले. मग तांब्यांना फोन केला. ते दोन तासांत आले, खुर्चीवर बसले आणि माझी सर्व सत्रे प्रोग्रॅममधून काढली. त्यांनी मला दोष दिला नाही. "एका माणसाच्या आकड्यांवर दुसऱ्याचा हात सोपवला, ही चूक माझी," असे म्हणाले. ते खरे होते. त्यामुळे माझे काही कमी होत नव्हते.

सुमनबाईला मी स्वतः सांगितले. पट्टा, शाल, खांदा, प्रोग्रॅम, सर्व. रामदास उभा होता. त्याच्या हातात चहाचे दोन ग्लास होते.

तिने झोळीतल्या हाताकडे पाहिले.

"म्हंजी ह्यो ढ न्हवता?"

"नव्हता."

"तीन आठवडं मी ह्याला शिव्या घालती, बाबा. मारलं बी." तिने डाव्या हाताने उजव्याची बोटे धरली. मग माझ्याकडे पाहिले. "शेवटी काटा मारलाच तुमी."

मी होय म्हणालो. रामदासने एक ग्लास तिला दिला आणि दुसरा स्वतः प्यायला. मी वॉर्डात परतलो. चार वाजले होते.

*शनिवार*

प्रशांत आला तेव्हा त्याला मॅडमनी बाहेरच सर्व सांगितले होते. तो स्टुलावर बसला. माझी पिशवी भरलेली होती.

"कशासाठी, अण्णा? माझ्याकडं यायचं इतकं जड वाटतं?"

"तसे नाही."

"मग कसं? त्या दिवशीही तुम्ही मला फोन केला नाहीत. सव्वातीन तास. माझं काय चुकलंय, ते तरी सांगा."

तो हे तीन महिने स्वतःला विचारत होता, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते.

"नाडी सुटलेली होती," मी म्हणालो.

"काय?"

"पायजम्याची नाडी. एका हाताने बांधता येईना. तसे कोणाला बोलावणे मला जमले नाही. बांधून झाल्यावर फोन करणार होतो."

तो उठून खिडकीशी गेला. तेथे काही पाहण्यासारखे नव्हते, पार्किंग होते. परत आला तेव्हा त्याने माझी पिशवी उचलली. जिना उतरताना त्याने माझा उजवा हात धरला. तो मी काढून घेतला नाही.

गाडी काष्टीला थांबवली. घरात अर्धा तास होतो. गॅसची टाकी बंद केली. भिंतीवरचे गेज बरोबर घेतले. पिशवी खुंटीवर राहू दिली. कुलूप प्रशांतने लावले.

*आता*

मी पुण्यात नवव्या मजल्यावर राहतो. सकाळी नऊला दार बंद होते आणि सायंकाळी सातला उघडते. मधल्या वेळेत पंखा आणि लिफ्ट यांचे आवाज असतात. कोणी वाईट वागत नाही. सून दर दोन तासांनी फोन करते. मी उचलतो. पहिल्या घंटीला उचलतो.

दर पंधरा दिवसांनी प्रशांत मला नगरला नेतो. पट्ट्याला आता एक कळ आहे. पट्टा पहिल्या छिद्रातून निघाला की विद्युतजोड तुटतो आणि यंत्र थांबते. ती सूचना माझी. कळ कोठे बसवावी, ती जागाही मीच तांब्यांना दाखवली. ती जागा माझ्याइतकी कोणाला माहीत नव्हती. आणि आता कोणाही रुग्णाची मदत त्याच्या स्वतःच्या पहिल्या सत्रांवरूनच ठरते, दुसऱ्याच्या नव्हे.

यंत्राविषयी माझे मत विचाराल तर ते चांगले आहे. त्याला तुम्ही एकटे आहात की नाही, हे कळत नाही. मापक जेथे बसवला आहे तेवढेच त्याला कळते. उरलेले तुम्ही सांगायचे असते.

टोळी दसऱ्यानंतर निघाली. रामदास एकटा गेला, अर्धा कोयता म्हणून. सुमनबाई सासूजवळ राहिली. शेख मॅडम म्हणतात, खांदा दुखावला नसता तरी तिला या हंगामाला जमले नसते. हे वाक्य मी स्वतःसाठी वापरत नाही.

पहिल्या दोन खेपांना ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. माझ्याकडे पाहिले नाही. तिसऱ्या खेपेला, मी बाहेर आलो तेव्हा, समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाली,

"किती आला?"

"एकेचाळीस."

"पट्टा कितव्या भोकात?"

"पहिल्या."

"माझा चव्वेचाळीस." मग थोड्या वेळाने, "खरा हाय. इच्यारा मॅडमला."

"विचारण्याची गरज नाही," मी म्हणालो.

मी एक वही ठेवली आहे. लॉगबुकासारखे रकाने आखले आहेत, डाव्या हाताने, म्हणून वाकडे. कपाटातून जुना नाडीचा पायजमा काढून रोज दहाला खाटेवर बसतो. उजव्या हाताला टोक देतो. बहुतेक दिवशी तो ते सोडतो. तसे लिहितो.

आज त्याने टोक धरले. गाठ बसली. उभा राहिलो, दारापर्यंत चाललो, परत आलो. तोवर ती सुटत आली होती. वेळ दहा वाजून पंचवीस मिनिटे. गाठ सैल. सैल अशीच नोंद केली आहे.